पडद्यावरचे १३.२ अंश

मे महिन्याचा दुसरा आठवडा. सकाळी साडेसहाला आबांचा फोन. "गो बाय, बिलां निघूक नाय. सगळो कारभार ठप्प झालो हा. ये बघूया."

आबांचं पॅकहाऊस देवगडपासून थोडं आत आहे. तिथले कॉम्प्युटर मी सांभाळते. पुण्यात काही वर्षं सर्व्हरची देखभाल करून गावी परत आले, तेव्हा इथे या कामाला कोण विचारणार असं वाटलं होतं. पण आंब्याच्या धंद्यात आता वजनकाटा, बिलं, शीतगृहाचं तापमान, ऑनलाइन ऑर्डरी असं सगळं मशीनवर आलंय. सीझनला मी तोडणीवाल्यांइतकीच पळत असते.

घरून आत शिरून बघावं म्हटलं तर नेट बंद. आदल्या संध्याकाळी वळीव झाला होता, विजांसकट. असा पाऊस झाला की फायबर जातं, हे इथे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. स्कूटर काढली.

पॅकहाऊसमध्ये क्रेट उतरायला लागले होते आणि काट्यापाशी गर्दी साचली होती. बिलिंगचा प्रोग्राम उघडतच नव्हता. सर्व्हरच्या खोलीत जाऊन माझ्या नावाने लॉगिन केलं, सवयीने टॅब दाबला, आणि समोर ओळ आली की तात्पुरती फाइल तयार करता येत नाही, डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही. पुढचं कळायला डिस्क किती भरली ते सांगणाऱ्या डीएफ कमांडची गरज नव्हती, तरी दिली. १०० जीबीची डिस्क, वापर १०० टक्के. बिलिंगचा डेटाबेस पोस्टग्रेस. त्याला आपली नोंदवही लिहायला जागा मिळाली नाही की तो चुकीचं काही करण्यापेक्षा स्वतःला बंद करून घेतो. मला ते शहाणपणाचंच वाटतं. बाहेर काट्यापाशी उभ्या असलेल्यांना वाटत नव्हतं.

काल संध्याकाळी हीच डिस्क ८३ टक्क्यांवर होती. १७ जीबी एका रात्रीत कुठे गेले? डीयूने एकेक फोल्डर मोजत खाली उतरले. मोजताना हीच एक डिस्क मोज, दुसरीकडे जोडलेल्या बॅकअपच्या डिस्कमध्ये शिरू नको, हे सांगणारा एक्स हा पर्याय द्यायला विसरू नये. नाहीतर ते मोजतच बसतं आणि बाहेर आवाज चढत जातात. सापडली ती एकच फाइल, शीतगृहाच्या तापमानाच्या प्रोग्रामचा लॉग, म्हणजे त्याची रोजनिशी. एकच ओळ कोट्यवधी वेळा: गेटवेशी जोडणी नाकारली. गेटवे म्हणजे सेन्सरची वाचनं घेऊन सर्व्हरकडे देणारं यंत्र.

आता मी काय केलं ते सांगते, कारण हे मला येत होतं आणि तरी चुकलं. घाईत ती फाइल आरएमने उडवली. पुन्हा डीएफ. १०० टक्केच.

आबा मागे उभे होते. "जागा मोकळी केलंस, तर खय गेली ती?"

प्रश्न बरोबर होता. लिनक्समध्ये फाइल उडवली म्हणजे फक्त तिचं नाव पुसलं जातं. एखादा प्रोग्राम ती उघडून बसला असेल तर त्याने हात सोडेपर्यंत डिस्कवरची जागा सुटत नाही. दारावरची पाटी काढली म्हणून भाडेकरू घर सोडत नाही, तसंच. एलएसओएफ कमांडला अधिक एल १ असं दिलं की अशा नाव नसलेल्या, पण उघड्या फाइलींची यादी मिळते. त्यात हे महाशय होतेच. खरं तर करायला हवं होतं ते ट्रंकेट, म्हणजे फाइल जागेवर ठेवून तिची लांबी शून्यावर आणायची. जागा तिथल्या तिथे सुटते. उडवल्यामुळे दुसरंही एक नुकसान झालं. फाइलच्या अगदी सुरुवातीच्या ओळींत गडबड नेमकी किती वाजता सुरू झाली ते होतं, आणि तेच मी घालवलं. प्रोग्राम चालू असेपर्यंत प्रॉक फोल्डरातून ती फाइल वाचता आली असती, हे संध्याकाळी घरी पोचल्यावर आठवलं.

प्रोग्राम परत सुरू केला. जागा सुटली, डेटाबेस उठला, बिलं निघायला लागली. पाच मिनिटांनी बघते तर नवी लॉग फाइल शंभर एमबीच्या वर. म्हणजे नळ चालूच होता, मी फक्त बादली रिकामी केली होती.

तेव्हा कुठे डोक्यात आलं की ही चूक नोंदवणारा प्रोग्राम तापमान वाचतो. मग रात्रभर तापमान वाचलं कोणी?

शीतगृहाच्या दाराशी एक पडदा लावलाय. त्यावर मोठ्या हिरव्या अक्षरांत १३.२. हापूसला साधारण तेरा अंशांच्या आसपास ठेवतात. त्याच्या फार खाली गेलं तर गारठ्याने साल काळवंडते आणि फळ नीट पिकत नाही, वर गेलं तर लवकर पिकायला लागतं. १३.२ हा अगदी मनासारखा आकडा. रात्रपाळीचे काका म्हणाले, "पडद्यार तेरा दिसत होते म्हणान मी निजलंय." त्यांची काहीच चूक नव्हती. पडदा शेवटचं मिळालेलं वाचन दाखवत होता, संध्याकाळी पाचचं. हे वाचन किती जुनं आहे, ते लिहायचं मी त्या पडद्यावर कधी ठेवलंच नव्हतं.

दार उघडलं. आतला वास सांगत होता. हातातला थर्मामीटर लावला तर २१. वीज चमकून लाइट गेली आणि आली, तेव्हा एक कॉम्प्रेसर ट्रिप होऊन पडला होता आणि कोणी उठवला नव्हता. आंबा वाया गेला नाही, पण एका रात्रीत पुढे सरकला. लांब पाठवायच्या साठ पेट्या जवळच्या गिऱ्हाइकांना उतरत्या भावात द्याव्या लागल्या, थोडा माल कॅनिंगला गेला. आबा मला काही बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

रात्रीचा हिशेब मी दुपारी वहीवर मांडला. विजेने सेन्सरचा गेटवे अर्धा मेला होता. 'आहेस का?' एवढंच विचारणाऱ्या पिंगला उत्तर देत होता, जोडणी मात्र लगेच नाकारत होता. पूर्ण मेला असता तर प्रोग्रामला प्रत्येक वेळी काही सेकंद उत्तराची वाट बघावी लागली असती आणि लॉग सावकाश वाढला असता. इथे नकार लगेच मिळत होता, आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याने 'नाही जमलं तर पुन्हा प्रयत्न कर' एवढंच लिहिलेलं, मध्ये थांबायला सांगितलेलंच नाही. सेकंदाला साधारण दोन हजार ओळी, ओळ जवळपास १८० बाइटची, म्हणजे तासाला १.३ जीबी. तेरा तासांत १७ जीबी. संध्याकाळी पाचला सुरू, सकाळी सहाला खलास. हिशेब चोख बसला, त्याने बरं मात्र वाटलं नाही.

आणि आमची देखरेख? मशीनवर नजर ठेवणारं झॅबिक्स होतं ना. ९० टक्क्यांना इशारा द्यायचा, असं मीच लावलेलं. रात्री दहा-साडेदहाला तो इशारा निघालाही. मेलने. नेट नव्हतं म्हणून तो मेल त्याच मशीनवर रांगेत पडून राहिला. घराला आग लागल्याची चिठ्ठी घरातल्याच टेबलावर. त्यातून झॅबिक्सचा सर्व्हर, त्याचा डेटाबेस, मेलची रांग, बिलिंग आणि हा बडबड्या प्रोग्राम, सगळे एकाच डिस्कवर. सहाला डिस्क भरली तेव्हा राखणदारही इतरांबरोबर पडला.

गेटवे बदलायला दोन दिवस लागणार होते. तोवर काकांनी दर अर्ध्या तासाला थर्मामीटर बघून शंभर पानी वहीत लिहायचं ठरलं. तो प्रोग्राम मी एरवी बंदच ठेवला, फक्त दुरुस्ती तपासायला चालू करायची.

मग दुरुस्तीला बसले. यात मी तीन वेळा आपटले, तेवढंच जरा सविस्तर सांगते. बाकीचं कोणत्याही माहितीपुस्तिकेत मिळेल.

लॉग वाढू नये म्हणून लॉगरोटेट असतं, हे या धंद्यातल्या कोणालाही माहीत असतं. जुनी फाइल बाजूला करायची, नवी सुरू करायची, जुन्या दाबून ठेवायच्या, ठरावीक संख्येनंतर सर्वांत जुनी टाकून द्यायची. या प्रोग्रामसाठी मी आधीच्या दिवाळीत त्याची नोंद लिहिली होती, साइज १०० एमबी. माझी समजूत अशी की फाइल १०० एमबी झाली की लॉगरोटेट ती फिरवणार. तसं नाहीये. लॉगरोटेट पहारेकरी नाही, तो पोस्टमन आहे. ठरल्या वेळी येतो, बहुतेक मशीनवर दिवसातून एकदा मध्यरात्री, आणि आला तेव्हा फाइल १०० एमबीहून मोठी असेल तर फिरवतो. मधल्या चोवीस तासांत ती ३० जीबी झाली तरी त्याला पत्ता नसतो. नोंदीत नुसतं 'दर तासाला' असं लिहूनही चालत नाही, लॉगरोटेटला हाक मारणारा सिस्टमडीचा, म्हणजे मशीनवरच्या सगळ्या सेवा चालवणाऱ्या कारभाऱ्याचा, टायमरच तासावर आणावा लागतो. आणि दिवसाच्या नियमासोबत आकाराची मर्यादा हवी असेल तर साइज नाही, मॅक्ससाइज वापरायचं. साइज लिहिलं की दिवसाचा हिशेब तो बघतच नाही.

पण त्या रात्री बाराला तरी पोस्टमन आला असेल ना? तोवर नऊ जीबी झाले होते. आला होता. दार ढकललं आणि परत गेला. प्रोग्राम बसवताना लॉगच्या फोल्डरात गटातल्या सगळ्यांना लिहायची मुभा दिली गेली होती. अशा फोल्डरात रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, अधिकाराने फाइली हलवणं धोक्याचं, म्हणून लॉगरोटेट ते फोल्डर सरळ वगळतं. कोणाच्या नावाने काम करायचं ते एसयू या ओळीत सांगितलं तरच हात लावतं. सहा महिने रोज रात्री ते परवानगी असुरक्षित असल्याचं निमूट लिहून ठेवत होतं. वाचणार कोण? लॉगरोटेटला डी हा पर्याय देऊन चालवलं तर ते काही न बदलता, आपण काय केलं असतं ते बोलून दाखवतं. नोंद लिहिली त्या दिवशी हे एकदा चालवायला अर्धं मिनिट लागलं असतं.

ते सुधारलं. मग तिसरी गंमत. हा प्रोग्राम फाइल एकदा उघडतो ती उघडीच ठेवतो. तिचं नाव बदलून नवी फाइल केली तरी तो जुनीतच लिहीत राहतो. अशांसाठी कॉपीट्रंकेट असतं, म्हणजे मजकुराची प्रत काढायची आणि मूळ फाइल जागेवरच रिकामी करायची. लावलं. दुसऱ्या दिवशी फाइलींची यादी देणारं एलएस म्हणतं फाइल नऊ जीबी, डीयू म्हणतं ४० एमबी. अर्धा तास मी दोघांचं भांडण बघत बसले. प्रोग्राम 'नेहमी शेवटी लिही' या पद्धतीने फाइल उघडत नव्हता. आपण कुठवर आलो होतो तो आकडा त्याच्या डोक्यात होता, आणि फाइल रिकामी केल्यावरही तो त्या जुन्या आकड्यावरच पुढची ओळ टाकत होता. मधली सगळी पोकळी. डिस्क भरत नव्हती हे खरं. पण अशी फाइल कॉपी करायला, दाबायला घेतली की ती पोकळी शून्यं म्हणून वाचली जाते आणि मशीन धापा टाकतं. शिवाय कॉपीट्रंकेटला प्रत ठेवायला तेवढीच जागा लागते. डिस्क भरत आल्यावर ती आणायची कुठून? आणि प्रत काढणं व रिकामं करणं याच्या मधल्या क्षणातल्या ओळी जातात त्या जातातच.

म्हणून फाइलचा नाद सोडला. प्रोग्रामला सांगितलं, तू फक्त बोल, लिहायचं काम सिस्टमडीच्या जर्नलला दे. जर्नलला मला हवा होता तो गुण मुळातच आहे, एकाच सेवेने ठरावीक वेळात फार बडबड केली तर तो बाकीचं लिहीत नाही, किती ओळी टाकल्या तेवढा आकडा नोंदवतो. त्या एका सेवेसाठी मी ३० सेकंदांत २०० ओळी अशी मर्यादा घातली. एकूण जर्नलला दोन जीबी. काहीच सांगितलं नाही तर तो डिस्कच्या दहा टक्क्यांपर्यंत जातो, पण चार जीबीच्या वर नाही. जर्नलमधलं सगळं आरसिस्लॉग हा लॉग लिहिणारा दुसरा प्रोग्राम दुसऱ्या फाइलीत परत उतरवतोय का, हेही बघावं. आमच्या मशीनवर उतरवत होता, म्हणजे एकच पोतं दोन कणग्यांत.

हे सगळं झालं तरी रोगाचं मूळ प्रोग्रामच्या त्या न थांबणाऱ्या प्रयत्नात होतं. ज्यांनी तो लिहून दिला त्यांना फोन केला. "मॅडम, सीझन संपल्यावर बघू." सीझन संपल्यावर बघायला शीतगृहात आंबा नसतो. शेवटी त्यांच्याकडून मूळ कोड मागून घेतला आणि बदल मीच केला. पहिल्या नकारानंतर एक सेकंद थांब, मग दोन, मग चार, असं वाढवत जास्तीत जास्त साठ. पहिली चूक लगेच लिही. नंतर मिनिटाला एकच ओळ, गेल्या मिनिटात किती वेळा नकार आला त्याची. पाणी तुंबलं तर सांडवा हवा, मान्य, पण आधी नळाला चावी तर असावी.

डिस्कची वाटणीही केली. १०० जीबी एकसंध ठेवायचे नाहीत. लॉग साठतात त्या व्हार लॉग फोल्डरासाठी दहा जीबीचा वेगळा भाग, पोस्टग्रेससाठी वेगळा. आबांना समजावलं, पडवी भरली तरी माजघर मोकळं राहील. ते एवढंच म्हणाले, "ह्या पयलाच करूक होया होता." होय, आधीच करायला हवं होतं. पुण्यात कोणी सगळं एका डिस्कवर ठेवलं असतं तर मी त्याला हसले असते. गावात लहान काम आहे, इतकं कशाला, असं मनात कुठेतरी होतं. त्या 'इतकं कशाला'ची किंमत साठ पेट्या.

इशाऱ्याचं मात्र मला नव्याने शिकावं लागलं. ९० टक्के भरली, हे सांगून काय कळतं? वर्षभर ९० वर शांत बसलेली डिस्क धोक्याची नाही. ८३ वरून तासाला सव्वा टक्का चढणारी आहे. विहिरीत पाणी किती यापेक्षा उपसा किती, हे बघायला हवं. झॅबिक्समध्ये टाइमलेफ्ट नावाचं फंक्शन आहे. गेल्या तासाभराचा कल बघून ते सांगतं की या चालीने डिस्क कधी भरेल. बारा तासांपेक्षा कमी उरले तर ओरड, असं लावलं. त्या रात्री हे असतं तर हिशेबाने सातला, म्हणजे डिस्क भरायच्या अकरा तास आधीच संशय यायला लागला असता. आल्यावर कळवलं कसं असतं, हा पुढचा प्रश्न. पहिल्या आठवड्यात याने मला तीनदा उगाच उठवलं. रात्रीच्या बॅकअपला वीस मिनिटं डिस्क झपाट्याने भरते आणि मग रिकामी होते, त्यावरून ते दोन तासांत जगबुडी जाहीर करायचं. मग रिकामी जागा ३० टक्क्यांहून कमी असेल तरच बोल, अशी दुसरी अट जोडली.

इशारा पोचवायचा दुसरा रस्ता म्हणून सिमकार्ड घालायचा जीएसएम मोडेम जोडला. झॅबिक्स त्यातून थेट एसएमएस पाठवू शकतं, नेट लागत नाही. आमच्याकडे रेंज कोणत्या कंपनीची कुठल्या खिडकीत मिळते हा स्वतंत्र विषय आहे. मोडेम खिडकीला दोरीने टांगलाय. एसएमएस मला आणि रात्रपाळीच्या काकांना. झॅबिक्सचा सर्व्हर पॅकहाऊसमधून काढून भाड्याच्या क्लाउड मशीनवर नेला. पॅकहाऊसकडून पाच मिनिटं काही ऐकू आलं नाही तर तिकडून तो बोंब मारतो. एसएमएस पाठवायला पॅकहाऊसमध्ये एक छोटा झॅबिक्स ठेवला. आणि शीतगृहाच्या पडद्यावर आता आकड्याखाली वेळ असते. वाचन दहा मिनिटांहून जुनं झालं की आकडा जातो आणि तिथे लाल रेघ येते.

एवढं करून मी स्वतःवर खूश होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागल्यावर, ऑनलाइन ऑर्डरींची वेबसाइट बंद पडली. २५ जीबीच्या क्लाउड मशीनवर. डिस्क पूर्ण भरलेली.

या वेळी घाई केली नाही. शोधलं. १२ जीबींची फाइल झॅबिक्सच्या एजंटची, म्हणजे मशीनवर बसून झॅबिक्सला खबर देणाऱ्या प्रोग्रामची होती. देखरेख करणाऱ्याचीच! कुंपणाने शेत खाल्लं म्हणतात ते हे, आणि कुंपणाला ती भूक मीच लावली होती. मे महिन्यात त्या धावपळीत तापमानाच्या वाचनांत मध्येच खंड का पडतो ते शोधताना मी दोन्ही मशीनवरच्या एजंटची बडबड वाढवली होती, डीबग पातळी ३ वरून ४. एजंटचा लॉग मुळात एक एमबी झाला की तो स्वतःच फिरवतो आणि एकच जुनी प्रत ठेवतो. मला वाचायच्या आत तो फिरायचा, म्हणून लॉगफाइलसाइज शून्य केलं. शून्य म्हणजे 'मर्यादा नाही, फिरवू नको'. खंडाचं कारण सापडलं, एक सैल केबल. पॅकहाऊसच्या मशीनवरची सेटिंग परत केली. दुसरीवरची राहिली. दिवसाला सहाशे एमबी, एकवीस दिवस.

८० टक्क्यांचा इशारा मला आला होता. मी 'पाहिलं' म्हणून टिचकी मारून बंद केला होता, कारण तेव्हा शेवटच्या ऑर्डरी चालू होत्या आणि ८० म्हणजे काही नाही, असं वाटलं. शिवाय तासाभराचा कल बघणारं टाइमलेफ्ट त्या मशीनवर लावलंच नव्हतं. लावलं असतं तरी शेवटच्या बारा तासांतच बोललं असतं. डिस्क दोन तऱ्हांनी भरते, एक वळवासारखी आणि एक भिंतीत चढणाऱ्या ओलीसारखी. दुसरीसाठी आठवड्याचा कल बघून पंधरा दिवस आधी सांगणारा वेगळा नियम लागतो. तो आता सगळीकडे आहे.

मग एका पावसाळी दुपारी प्रत्येक मशीनवर लिहिणारे कोण कोण आहेत, त्यांची मोजदाद केली. लॉगच्या फोल्डरात शोधून ही यादी होत नाही. गेल्या दिवसभरात वाढलेल्या आणि शंभर एमबीहून मोठ्या फाइली फाइंडने सगळ्या डिस्कवर शोधल्या. बॅकअपच्या स्क्रिप्टने प्रत्येक फाइलचं नाव एका टेक्स्ट फाइलला जोडत जोडत दोन वर्षांत तीन जीबी केले होते. क्लाउडवरचे डॉकरचे कंटेनर, म्हणजे प्रोग्राम ज्यांत वेगवेगळे चालतात ते डबे, जेसन फाइलमध्ये लॉग लिहीत होते आणि तिथे मुळात मर्यादाच नसते. ती घातली, तरी जुन्या कंटेनरना लागू होत नाही, ते नव्याने उभे करावे लागतात. हे न कळल्याने आणखी एक दिवस गेला. प्रिंटरची यंत्रणा मात्र शहाणी निघाली, तिचा लॉग मुळातच एक एमबीला फिरतो. आणि डीबग चालू करायचं झालं तर त्याच क्षणी, दोन तासांनी ते बंद करणारी ओळ टाइम देऊन लावते. लक्षात ठेवीन यावर आता माझा विश्वास नाही.

अडीनडीला म्हणून प्रत्येक मशीनवर दोन जीबी जागा अडवून बसणारी एक बिनकामाची फाइल ठेवलीय. काही कारणाने डिस्क भरलीच तर ती उडवायची आणि श्वास घ्यायचा. ती कोणी उघडून बसलेलं नसतं, त्यामुळे तिच्या बाबतीत आरएम चालतं.

कोकणात मे महिन्यात आगोटीची बेगमी करतात, लाकडं आत घ्यायची, कौलं चाळायची, सुकी मासळी भरून ठेवायची. या वर्षी मी मशीनचीही केली, एप्रिलमध्येच, शीतगृह भरायच्या आधी. कागदावर सगळं बरोबर दिसत होतं, पण कागदावर ते मागच्या वर्षीही दिसत होतं. म्हणून एका रात्री अकराला, आबांना सांगून, काकांना न सांगता, गेटवेची केबल काढली, नेटची वायर काढली आणि लॉगच्या भागात लिहीत सुटणारं एक छोटं स्क्रिप्ट चालू केलं. तापमानाच्या प्रोग्रामने एक ओळ लिहिली, मग मिनिटाला एक. स्क्रिप्टची पडवी भरायला लागली. बिलिंगचा डेटाबेस ढिम्म. पडद्यावर दहा मिनिटांनी लाल रेघ आली. डिस्कचा इशारा तासाभराचा कल बघून बोलतो म्हणून जरा उशिरा, एकोणिसाव्या मिनिटाला माझ्या फोनवर.

मी सर्व्हरच्या खोलीत अंधारात बसून होते. बाविसाव्या मिनिटाला फोन वाजला. काका. त्यांना मी घरी आहे असंच वाटत होतं.

"बाय, तुझो मेसेज इलो. मी आत जावन थर्मामीटर लावन बघलंय. तेरा आसा. वहीत लिवलंय. तू निज."

ती शंभर पानी वही. गेटवे बदलला त्या दिवशी ते लिहायचं थांबवा, असं सांगायला मी विसरले होते. ते गेलं वर्षभर लिहीतच होते.